हिरव्या पाण्याची सुगी

मैलापाण्यावर शेवाळ वाढवायला फारशी अक्कल लागत नाही. गटाराचं पाणी उथळ खड्ड्यात साठवावं, वर ऊन पडू द्यावं. दोनेक आठवड्यांत ते आपसूक हिरवं होतं. अक्कल लागते ती वाढलेलं शेवाळ पाण्यातून बाहेर काढायला. माझी सगळी नोकरी विदर्भातल्या एका नगरपालिकेच्या मैलापाणी प्रयोगशाळेत गेली. बाटल्या धुणं, नमुने घेणं, बीओडी (मैला कुजताना किती प्राणवायू खातो तो आकडा) काढणं आणि महिनाअखेरीस तक्ता भरणं, हे माझं काम. त्यामुळे या हिरव्या पाण्याचा इतिहास वाचायला घेतला की माझं लक्ष एकाच ठिकाणी अडकतं : शेवाळ काढलं कोणी, आणि कसं? अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी त्यावर आयुष्यं घालवली. आमच्या नागपूरच्या संशोधकांनी तो प्रश्न बाजूला ठेवला. कोलकात्याच्या पूर्वेला, खाऱ्या दलदलीत मासे पाळणाऱ्या माणसांनी मात्र तो केव्हाच निकालात काढला होता.

हे शेवाळ म्हणजे विहिरीच्या पायऱ्यांवरचं बुळबुळीत शेवाळ नव्हे. तळ्यातल्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की गर्दी दिसते. क्लोरेला हा नुसता गोल हिरवा ठिपका, काही मायक्रॉनचा. सेनेडेस्मसच्या चार पेशी एकीला एक चिकटून ओळीत उभ्या, टोकाच्या दोघींना शिंगं. युग्लिना लांबट, अंगावर एक लाल डाग, सारखी वळवळणारी. ती दिसली की मैला ताजा आणि भरपूर आहे असं समजावं. यांचा आणि जिवाणूंचा व्यवहार रोखीचा असतो. जिवाणू मैला कुजवतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड, अमोनिया आणि फॉस्फेट मोकळं होतं. शेवाळ ते उचलतं, उन्हात स्वतः वाढतं आणि प्राणवायू सोडतं. एक ग्रॅम शेवाळ तयार होताना सुमारे दीड ग्रॅम प्राणवायू पाण्यात येतो. यांत्रिक केंद्रात हाच प्राणवायू पाण्यात मिसळायला मोठमोठे ब्लोअर चोवीस तास चालवावे लागतात आणि विजेच्या बिलाचा सर्वात मोठा हिस्सा तिथेच जातो. तळ्यात ते काम ऊन फुकट करतं.

ऊन असेपर्यंत. भर दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड इतका ओढून घेतं की सामू नऊच्या वर चढतो. थोडा अमोनिया हवेत उडून जातो, थोडं फॉस्फेट तळाशी बसतं, आणि आतड्यातल्या जंतूंचं जिणं कठीण होतं. रात्री सगळं उलटतं. शेवाळही श्वास घेतं, आणि पहाटे पाण्यातला प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो. पहाटेचा नमुना आणि दुपारी दोनचा नमुना शेजारी ठेवले तर ते एकाच तळ्याचे आहेत यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. तपासणीला येणारे साहेब जेवण करून दुपारी येत, त्यामुळे आमच्या तळ्याची अब्रू शाबूत राहिली.

आता खरी गोष्ट. वाळलेल्या शेवाळात साधारण सहा ते दहा टक्के नत्र असतं आणि एक टक्क्याच्या आसपास स्फुरद. म्हणजे गावाने जे शौचकूपातून वाहून घालवलं त्यातलं बरंचसं या हिरव्या ठिपक्यांनी गोळा करून ठेवलेलं असतं. पण ते ठिपके तसेच पाण्याबरोबर नाल्यात गेले, तिथे मेले आणि कुजले, की नत्र-स्फुरद परत पाण्यात. मग मधल्या खटाटोपाला अर्थ उरत नाही. गाळणीत ते अडकत नाहीत, आणि पाण्याइतकेच जड असल्यामुळे लवकर तळाशीही बसत नाहीत.

हा प्रश्न जिथे निकालात निघाला त्या कोलकात्याचा उतार उलटा आहे. हुगळीचा काठ उंच आणि शहराची जमीन नदीकडे न झुकता पूर्वेकडे, खाऱ्या सरोवरांकडे झुकलेली. लॉर्ड वेलस्लीने १८०३ मध्ये शहराच्या सांडपाण्याविषयी टिपण लिहिलं तेव्हापासून हे कागदावर आहे. तरी पुढची कित्येक वर्षं घाण हुगळीतच जात राहिली. १८५५ मध्ये विल्यम क्लार्क या अभियंत्याने भुयारी गटारांची योजना मांडली, आणि पुढच्या वीसेक वर्षांत ती बरीचशी उभी राहिली. पाणी पंपाने उचलायचं आणि पूर्वेकडे विद्याधरी नदीत सोडायचं. विद्याधरी भरती-ओहोटीची नदी. ओहोटीला ती घाण समुद्राकडे नेईल, असा हिशेब. शहराचा कोरडा कचरा त्याच बाजूला धापा या जागी टाकला जाऊ लागला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भवनाथ सेन नावाच्या गृहस्थाने ती कचऱ्याची जमीन खंडाने घेऊन त्यावर भाजीपाला पिकवायला सुरुवात केली. धाप्याची फुलकोबी कोलकात्याच्या बाजारात आजही येते.

विद्याधरीने मात्र दगा दिला. खरं तर दगा तिला दिला गेला. व्यापारी होड्यांसाठी कालव्यामागून कालवे खणले, नदीचं पाणी वळलं, भरतीबरोबर येणारा गाळ बसत गेला, आणि १९२८ मध्ये सरकारनेच ही नदी मेली असं जाहीर केलं. इकडे खाऱ्या सरोवरांत बांध घालून मासे पाळणारे लोक होते. त्या बांधलेल्या तळ्याला बंगालीत भेरी म्हणतात. भेरीत भरतीचं खारं पाणी घ्यायचं, त्याबरोबर भेटकी, पारशे, कोळंबी आत यायची. नदी मेल्यावर खारं पाणी येणं थांबलं आणि भेऱ्या ओस पडण्याची वेळ आली. जवळून वाहत होतं ते एकच पाणी, शहराच्या गटाराचं. १९३० च्या आसपास बिधू सरकार नावाच्या भेरीमालकाने ते आत घेतलं, असं तिथला इतिहास सांगतो. पाणी गोडं झालं होतं, म्हणून खाऱ्या पाण्यातले मासे गेले आणि रोहू, कटला, मृगळ आले. ते इतके झपाट्याने वाढले की शेजारच्या भेरीवाल्यांनी वाट पाहिली नाही. थोड्या वर्षांत गटाराच्या पाण्यासाठी त्यांच्यात चढाओढ लागली.

गंमत अशी की १९२९ मध्येच म्युनिक शहराने इस्मानिंगजवळ मैलापाण्यावरचे मासळीतलाव सुरू केले. तिथे ब्रुनो होफर या प्राध्यापकाचा सिद्धांत आधी आला. मग अभियंत्यांनी आराखडे केले, मैला आधी खाली बसवला, त्यात इसार नदीचं पाणी मिसळून तो पातळ केला आणि कार्प सोडले. थंडीत तलाव रिकामे. एकाच सुमाराला दोन शहरं, दोघांचाही एकमेकांना पत्ता नाही. म्युनिकचे तलाव पाठ्यपुस्तकांत लगेच आले; कोलकात्याच्या भेऱ्या पुस्तकात यायला पन्नासेक वर्षं लागली. कारण उघड आहे. भेरीवाल्यांनी निबंध लिहिला नव्हता.

मी कोलकात्याच्या भेऱ्यांवर गेले ते निवृत्तीनंतर, हिवाळ्यात. भेरीचं वर्षाचं काम तेव्हाच सुरू होतं. पाणी सोडून तळ उन्हात तडकेपर्यंत सुकवतात, गाळ काढून त्याने बांध भरतात, चुना टाकतात. नको ते मासे मारायला मोहाची पेंड वापरतात. ती पाहून मला भंडारा-गोंदियाच्या तलावांवरचे ढिवर आठवले, त्यांच्याकडेही हाच उपाय. मग कालव्यातून मैलापाणी आत. ते थेट येत नाही. लांब, अरुंद चरातून फिरवून आणतात, म्हणजे जड गाळ वाटेत बसतो, आणि तोंडाशी बांबूची जाळी असते. तळं भरलं की दोन-तीन आठवडे नुसतं ठेवायचं आणि मधूनमधून तळ ढवळायचा. पाणी आधी काळं, मग करडं, मग एका सकाळी हिरवट. तेव्हा माशांची थोडीशी बोटुकली सोडून पाहतात. ती जगली तर बाकीची सोडतात. त्यानंतर रोज थोडं थोडं मैलापाणी आत आणि तेवढंच पाणी बाहेर. काठाने बांबूच्या कुंपणात अडकवलेली जलपर्णी असते. लाटांनी बांध खचू नये म्हणून ती ठेवतात. ती मैल्यातले जड धातूही थोडे शोषते.

माझ्या पिशवीत सेकीची तबकडी होती. पांढऱ्या-काळ्या रंगाची ही चकती दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की खोली मोजायची. त्यावरून शेवाळ किती दाट ते कळतं. भेरीवरच्या म्हाताऱ्या कामगाराने माझं मोजणं शांतपणे पाहिलं. मग म्हणाला, "दीदी, एवढं कशाला?" आणि बाहीसकट हात पाण्यात घातला. कोपर बुडेपर्यंत तळवा दिसत राहिला तर पाणी उपाशी आहे, आणखी मैला घ्यायचा. मनगटाशीच दिसेनासा झाला तर पाण्याला अजीर्ण झालंय, झडप बंद. आभाळ आलं की झडप बंद. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर दोन दिवस झडप बंद. माझ्या तबकडीचं माप आणि त्याचा हात यांत फरक काढायला गेले असते तर वादच झाला असता, म्हणून मी तबकडी पिशवीत ठेवली.

पहाटे जाळी ओढतात तेव्हा काठावर अॅल्युमिनियमच्या हंड्या मांडलेल्या असतात. कोलकात्याच्या गिऱ्हाईकाला मासा तडफडता हवा. मासे आणि पाणी भरलेली हंडी घेऊन माणूस लिलावाकडे धावत सुटतो आणि वाटभर हाताने पाणी हिंदकळवत राहतो, नाहीतर प्राणवायू संपेल. तेही एक एरेटरच.

शेवाळ कोण काढतं, याचं उत्तर त्या हंडीत होतं. चंदेरा या माशाच्या कल्ल्यात इतकी बारीक, स्पंजासारखी जाळी असते की पाण्यातले सूक्ष्म कण तिच्यात अडकतात. कटला वरच्या थरातले, शेवाळावर जगणारे सूक्ष्म प्राणी खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी मेलेलं, बसलेलं उचलतो, गवत्या काठाची वनस्पती कातरतो. सेनेडेस्मसची चार पेशींची ओळ कोणत्याही यंत्राशिवाय बाजारात तराजूवर चढते. नत्र आणि स्फुरद भातावरच्या माछेर झोलात पोचतं, आणि तिथून पुन्हा गटारात. शहराचं कर्ज शहराला फिटतं.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती सहसा निसटते. १९५७ पर्यंत भेरीत सोडायचं बीज नदीतून गोळा करावं लागे, पावसाळ्यात, मिळेल तेवढं आणि मिळेल ते मिसळून. त्या वर्षी १० जुलैला हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात पियूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन करून दाखवलं. आज तो दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. १९५९ मध्ये चंदेरा आणि गवत्या भारतात आणले गेले. या दोन गोष्टींनंतर भेरीवाल्याला कोणत्या थरातलं शेवाळ कोणत्या माशाकडून काढून घ्यायचं हे ठरवता येऊ लागलं. त्याआधीची पंचवीस-तीस वर्षं नदी देईल त्या माशांवर भागवावं लागलं.

याच काळात कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड आणि हॅरल्ड गोटास हे बर्कली विद्यापीठात शेवाळ आणि जिवाणू यांच्या भागीदारीचं गणित मांडत होते. १९५१ पासून त्यांचे आणि सहकाऱ्यांचे निबंध येऊ लागले. १९५७ चा त्यांचा मैला शुद्धीकरणातल्या प्रकाशसंश्लेषणावरचा निबंध आजही उद्धृत होतो. ऑस्वाल्ड यांची युक्ती साधी होती. तळं खोल न ठेवता उथळ ठेवायचं, त्याला लांबट, वळसे घेणाऱ्या चराचा आकार द्यायचा आणि चाकाने पाणी हळूहळू फिरवत ठेवायचं, म्हणजे प्रत्येक पेशीला आळीपाळीने ऊन मिळेल. रिचमंडच्या त्यांच्या प्रयोगकेंद्रात असा मोठा तलाव होता. शेवाळ भरमसाट वाढलं. वाढायचंच होतं.

पुढे ते अडले. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून ताकातून लोणी काढावं तसं शेवाळ काढता येतं, पण हजार भाग पाण्यात जेमतेम अर्धा भाग शेवाळ, त्यामुळे वीज पाणी फिरवण्यातच जाते. तुरटी किंवा चुना घालून पेशींचे गोळे करून बसवता येतात, पण मग शेवाळात तुरटी उतरते आणि ते जनावराला घालायचं तर पंचाईत. १९६५ मध्ये ऑस्वाल्ड आणि क्लॅरेन्स गोलुइके यांनी मैलापाण्यावर वाढलेलं शेवाळ काढण्यावर आणि वाळवण्यावर स्वतंत्र निबंध लिहिला, त्यात हे सगळे उपाय आणि त्यांचे खर्च आहेत. शेवाळापासून मिथेन करायचा, त्यावर वीज करायची, ही कल्पनाही याच दोघांनी १९६० च्या सुमारास मांडली होती. अंतराळवीरांसाठी बंद डब्यात शेवाळ वाढवून त्यांचा श्वास आणि मैला दोन्ही सांभाळण्याचे प्रयोगही त्याच वर्षांतले. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच सेंट हेलेना गावासाठी ऑस्वाल्ड यांनी तळ्यांची साखळी बांधली. तिच्यात शेवाळ पुढच्या शांत तळ्यात आपोआप बसेल अशी योजना होती. म्हणजे यंत्राचा नाद त्यांनी स्वतःच कमी केला. २००५ मध्ये ते गेले.

नागपूरला ही लाट लवकर पोचली. १९५८ मध्ये तिथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली. १९७४ पासून तिचं नाव नीरी. सोली अर्सीवाला, लक्ष्मीनारायण, अलगरसामी आणि शास्त्री यांनी तिथून १९७० मध्ये भारतातल्या मैलापाण्याच्या स्थिरीकरण तळ्यांवर पुस्तक काढलं. आमच्या प्रयोगशाळेत त्याची एक प्रत होती, कडा पिवळ्या पडलेली, पाठीला कापडी पट्टी चिकटवलेली. त्यातला एक तक्ता मला फार आवडे. अक्षांशावरून तळ्याने रोज किती मैला पेलावा हे तो सांगतो. आठ अंशांवर हेक्टरी ३२५ किलो बीओडी, वीस अंशांवर २५०, अठ्ठावीस अंशांवर २००. म्हणजे उत्तरेकडे गेलं की ऊन कमी, तळ्याचा घास लहान. इतकं सरळ. सूर्याचा जमाखर्च एका पानात.

त्या तक्त्यानेच हा मार्ग शहरांत संपवला, असं मला वाटतं. माणशी दिवसाला ४५ ग्रॅम बीओडी धरा. लाखभर वस्तीचं गाव साडेचार हजार किलो देतं. वीस अंशांवर त्याला १८ हेक्टर तळं हवं, म्हणजे जवळजवळ ४५ एकर, बांध आणि रस्ते सोडून. लहान गावाला ते जमे. गाव वाढलं, तळ्याशेजारी लेआउट पडले, की नगरसेवकांना तळ्याचा वास यायला लागे. त्याआधी वर्षानुवर्षं येत नसे.

दुसरी अडचण आमच्या प्रयोगशाळेतली. तळ्यातून बाहेर पडणारं पाणी हिरवं असे. त्याचा नमुना बीओडीच्या बाटलीत भरून अंधाऱ्या कपाटात ठेवायचा. पूर्वी २० अंशांवर पाच दिवस, नंतर भारतीय मानकाप्रमाणे २७ अंशांवर तीन दिवस. अंधारात शेवाळ प्राणवायू सोडत नाही, खातं. त्यामुळे तळ्यात ज्याने मैला शुद्ध केला तोच बाटलीत प्रदूषक ठरे. नमुना गाळून घेतला तर आकडा उत्तम, न गाळता घेतला तर नापास. नियमाने न गाळताच घ्यायचा. तरंगते घनपदार्थही लिटरला १०० मिलिग्रॅमच्या मर्यादेबाहेर जात, आणि ते घनपदार्थ म्हणजे निव्वळ शेवाळ असे. "तुमचं तळं नापास आहे, मॅडम," असं मला सांगणारा माणूस चुकीचं बोलत नव्हता. शेवाळ काढलं नव्हतं, हे खरंच होतं.

मैल्यातून काही परत मिळवण्याची हौस आपल्याकडे या तळ्यांहून जुनी आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्याच्या टाकीतला वायू गोळा करून दिवे लावले होते. चार्ल्स कार्किट जेम्स हे मुंबईचे ड्रेनेज अभियंता त्या कामात होते. मैल्यावरची शेतीही देशात ठिकठिकाणी झाली. पण त्या सगळ्यांत शेवाळाला जागा नव्हती. हिरवं पाणी ही निकामी गोष्ट समजली जाई.

कोलकात्यात परत जाऊ. विद्याधरी मेल्यावर कॉर्पोरेशनचे अभियंते बी. एन. डे यांनी मैलापाणी तीसेक किलोमीटरवरच्या कुल्टी नदीकडे नेणारे दोन कालवे आखले, एक कोरड्या दिवसांचा, एक पावसाचा. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला ते काम झालं. भेऱ्यांचं नशीब त्या कालव्यांच्या पातळीवर ठरतं. बानतला इथल्या दरवाजांनी कालव्यातलं पाणी उंच राखलं तरच ते पंपाशिवाय, उताराने भेऱ्यांत शिरतं. पावसाळ्यात शहराला उलट हवं असतं, पातळी खाली, म्हणजे रस्ते तुंबणार नाहीत. माझ्यासारख्या नगरपालिकेत आयुष्य काढलेल्या बाईला या भांडणात कोण बरोबर हे सांगता येत नाही. दोघंही.

मग जमिनीवर शहराची नजर गेली. १९६२ मध्ये उत्तरेकडच्या खाऱ्या सरोवरांत हुगळीची वाळू-गाळ पंपाने भरून सॉल्ट लेक हे उपनगर उभं करायला सुरुवात झाली. काम युगोस्लाव्हियाच्या कंपनीला, आराखडा दोब्रिव्होये तोश्कोविच यांचा. आज जिथे सेक्टर फाइव्हच्या काचेच्या इमारती आहेत तिथे भेऱ्या होत्या. १९८० च्या सुमारास पश्चिम बंगाल सरकारातले अभियंते ध्रुबज्योती घोष यांच्याकडे, कोलकात्याचं मैलापाणी शेवटी जातं कुठे, हे शोधायचं काम आलं. ते कालव्याच्या कडेने चालत गेले आणि भेऱ्यांपाशी पोचले. आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी त्यांनी तपासून घेतलं. बीओडी बहुतांशी उतरलेला, आतड्यातले जंतू शेकडा नव्याण्णवहून अधिक गेलेले. पूर्वेकडे जाणाऱ्या या पाण्याचा मोठा भाग कुठल्याही यांत्रिक केंद्रात जात नव्हता आणि शहर त्यासाठी दमडी मोजत नव्हतं. घोष यांनी नकाशा तयार केला. तोच पुढे कामी आला. 'पीपल युनायटेड फॉर बेटर लिव्हिंग इन कॅलकटा' या संस्थेच्या याचिकेवर कलकत्ता उच्च न्यायालयाने १९९२ मध्ये या भागातल्या बांधकामांना आणि जमिनीचा वापर बदलण्याला चाप लावला. २००२ मध्ये १२,५०० हेक्टर क्षेत्र रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं, २००६ मध्ये राज्याने स्वतंत्र कायदा केला. घोष २०१८ मध्ये वारले.

हे वाचून सगळं छान झालं असं वाटायला नको. कातडी कमावण्याच्या कारखान्यांचं क्रोमियम याच पाण्यात येत होतं. शेवाळ चांगलं-वाईट निवडत नाही, क्रोमियमही उचलतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते कारखाने शहरातून हलवायला सांगितलं आणि ते बानतल्याला गेले, म्हणजे भेऱ्यांच्याच शेजारी. शिवाय मैल्यावरचा मासा नीट शिजवूनच खावा आणि पाण्यात उभं राहून काम करणाऱ्याच्या पायांची काळजी कोणीतरी घ्यावी, या गोष्टी कौतुकाच्या लेखांत वगळल्या जातात. मी पाहिलेल्या कामगारांच्या पोटऱ्यांवर खाजेचे डाग होते. त्यांना रबरी बूट द्यायला रामसर यादी लागत नाही.

आमच्या नागपुरात आता भांडेवाडीचं शुद्ध केलेलं मैलापाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, यंत्रं थंड करायला. चांगली गोष्ट आहे. तेवढं पेंच धरणाचं पाणी वाचतं. मात्र तिथे नत्र आणि स्फुरद ही डोकेदुखी, कारण थंड करण्याच्या यंत्रणेत शेवाळ धरतं. ते मारायला रसायनं लागतात. तरुण संशोधक मला काचेच्या नळ्यांमधल्या शेवाळाचे नवे आराखडे दाखवायला आणतात, तेव्हा मी पहिल्यांदा शेवाळ काढण्याचं पान उघडते. बहुतेक ठिकाणी तिथे सेंट्रिफ्यूज असतो. विजेचा आकडा पुढच्या पानावर, लहान अक्षरात.

भेऱ्या आज सुमारे अडीचशे आहेत, आणि त्यांना ग्रासणारी गोष्ट फार साधी आहे : गाळ. मैलापाण्यातला गाळ दरवर्षी काढला नाही तर तळं उथळ होत जातं, मासे कमी मावतात, उत्पन्न घटतं, मग गाळ काढायलाच पैसे उरत नाहीत, आणि उथळ, सुकलेल्या भेरीत भराव टाकून प्लॉट पाडणं एका रात्रीचं काम. कायदा भराव टाकू नका म्हणतो. गाळ काढायचे पैसे देत नाही. माझं मत विचाराल तर तो खर्च शहराच्या ड्रेनेज खात्याच्या अंदाजपत्रकात, देखभाल-दुरुस्तीच्या शीर्षाखाली टाकावा. एवढ्या मैलापाण्याचं केंद्र बांधलं असतं तर त्याचे ब्लोअर, त्याची वीज आणि त्याचा गाळ यांचे पैसे शहराने दरमहा मुकाट भरलेच असते.